पेंटमधल्या बादलीचा रंग बाहेर का सांडतो?

दिवाळीत बेळगावच्या गल्ल्यांमधून मातीचे किल्ले उभे राहतात. सुटी संपली की तेच किल्ले शाळेतल्या कॉम्प्युटरवर पेंट या चित्र काढायच्या प्रोग्राममध्ये उतरतात. राजहंसगडाचे बुरूज जमतात, तट जमतो. मग रंग भरायची बादली घेऊन तटावर क्लिक करावं, तर आभाळासकट सगळा पडदा तपकिरी! "सर, सगळीकडं रंग पसरला की!" ही हाक मुलांना पेंट शिकवणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीची.

आधी कंट्रोल-झेड दाबा, म्हणजे सांडलेला रंग मागे जाईल. पांढरा रंग ओतून चूक पुसायला जाऊ नका. दरवाजा आधीच त्याच तपकिरीत रंगवलेला असेल आणि सांडलेला रंग त्याला भिडला असेल, तर दरवाजाही पांढरा होईल.

बादलीला तट, बुरूज काही कळत नाही. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग म्हणजे लाल, हिरवा आणि निळा यांचे ० ते २५५ मधले तीन आकडे. जिथं क्लिक केलं त्या ठिपक्याचे आकडे बादली पाहते. मग वर, खाली, डावीकडे, उजवीकडे तेच आकडे असलेला शेजारी दिसला की त्याला रंगवते, आणि पुढं त्याचे शेजारी तपासते. खानापूरकडं भातखाचराच्या बांधाला खेकड्यानं एक भोक पाडलं तरी पाणी पलीकडं जातं. इथं एक ठिपका उघडा राहिला तरी पुरतो.

म्हणून झूम ८०० टक्क्यांवर नेऊन रेघ तपासा. भोक बहुतेक दोन रेघा जिथं मिळायला हव्यात तिथंच सापडतं. डोंगराची रेघ चित्राच्या कडेपर्यंत पोचली नसेल, तर तिथूनही रंग निसटतो, आणि ही जागा मुलं हमखास विसरतात. तिरकी रेघ मात्र फसवी असते. झूम केल्यावर तिचे ठिपके फक्त कोपऱ्यांनी टेकलेले दिसतात आणि फटी असल्यासारखं वाटतं. पण बादली चारच दिशांना सरकते, कोपऱ्यातून तिरकी शिरत नाही, म्हणून ती रेघ रंग अडवते. आठही दिशांना शेजारी शोधणारी बादली असती, तर अशा प्रत्येक कोपऱ्यातून रंग गळला असता.

उलटी तक्रारही येते: रंग भरतो, पण रेघेला लागून पांढरट किनार उरते. ब्रशची कड गुळगुळीत दिसावी म्हणून प्रोग्राम काळ्या-पांढऱ्याच्या मध्ये राखाडी ठिपके पेरतो. पांढऱ्याचे तिन्ही आकडे २५५, म्हणून २५५ शोधणारी बादली राखाडीच्या २४० पाशी थांबते. गिंप या दुसऱ्या चित्र-प्रोग्राममध्ये यासाठी थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरक चालेल ती मर्यादा, वाढवता येतो. मग थोडा फरकही बादलीला चालतो. फार वाढवलात तर ती रेघही गिळते. साध्या पेंटमध्ये बाह्यरेषा ब्रशऐवजी पेन्सिलनं काढावी, हे मला सगळ्यात सोपं वाटतं.

चित्र जेपीजी या फाइल-प्रकारात सेव्ह करून पुन्हा उघडलं तर रंग भरल्यावर रेघेभोवती बारीक ठिपके उरतात. जेपीजी चित्राचे ८ × ८ ठिपक्यांचे चौकोन करून जागा वाचवतं, आणि त्यात रेघेजवळचा पांढरा किंचित मळतो. डोळ्याला दिसत नाही, बादलीला दिसतो. पीएनजी हा दुसरा फाइल-प्रकार एकही आकडा बदलत नाही. अर्धवट चित्र त्यातच ठेवा. आधी जेपीजी करून मग पीएनजी केलं तर उपयोग नाही, मळलेले आकडे तसेच राहतात. अशा वेळी कोऱ्या पानावर बाह्यरेषा नव्यानं काढलेली बरी.