गरगरत्या लघुग्रहाला वळवायचे कसे?

1967 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रज्ञान संस्थेत प्राध्यापक पॉल सँडॉर्फ यांनी विद्यार्थ्यांना एक गणित घातले: इकॅरस हा लघुग्रह जून 1968 मध्ये पृथ्वीवर आदळणार असे धरा आणि त्याला अडवा. उत्तर निघाले सहा सॅटर्न-5 अग्निबाण, प्रत्येकावर 100 मेगाटनांचा अणुबाँब. इकॅरस सव्वादोन तासांत स्वतःभोवती एक फेरी मारतो. पण जवळ जाऊन स्फोटच करायचा असल्याने त्याच्या गिरकीची फारशी अडचण नव्हती.

अडचण आली ती हळूहळू ढकलायचा विचार पुढे आल्यावर. लघुग्रहावर इंजिन रोवले की तेही त्याच्याबरोबर फिरणार. आसाला समांतर असलेला रेटा तेवढा उरतो, बाकीचा फेरीअखेर स्वतःलाच खोडून काढतो. म्हणजे आधी गिरकी थांबवा, नाहीतर इंजिन योग्य दिशेला आले की तेवढ्यापुरते चालवा. चार तासांच्या फेरीत 60 अंशांची मुभा घेतली, तर 40 मिनिटे काम आणि 3 तास 20 मिनिटे नुसते थांबणे! शिवाय इंजिन रोवायचे कशात? 200 मीटरपेक्षा मोठे लघुग्रह सहसा 2.2 तासांहून जलद फिरत नाहीत, कारण त्यातले बरेचसे सुट्या दगडगोट्यांचे ढीग आहेत. वेग वाढला की विषुववृत्तावरचा माल उडू लागतो. 2020 मध्ये नासाच्या ओसायरिस-रेक्स यानाचा हात बेन्नू या लघुग्रहात जवळजवळ अर्धा मीटर रुतला.

2005 मध्ये नासाचे अंतराळवीर एडवर्ड लू आणि स्टॅनली लव्ह यांनी मांडलेल्या कल्पनेत स्पर्शच टाळला. 20 टनांचे यान 200 मीटरच्या लघुग्रहाच्या केंद्रापासून 150 मीटरवर तरंगत ठेवायचे. गुरुत्वाकर्षणाची ओढ साधारण अर्धा न्यूटन. गिरकी कशीही असो, ओढ टिकते. इंजिने मात्र तिरकी लावावी लागतात, नाहीतर झोत लघुग्रहावरच आपटून कमाई वाया जाते. वर्षभरात वेग बदलतो सेकंदाला जेमतेम 2 मिलिमीटर, म्हणून धोका वीसेक वर्षे आधी कळायला हवा.

तिसरा मार्ग धडकेचा. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाच्या डार्ट यानाने सेकंदाला सुमारे 6 किलोमीटर वेगाने डिमॉर्फॉसला, म्हणजे डिडिमॉस या लघुग्रहाच्या छोट्या चंद्राला, मुद्दाम धडक दिली. त्याचा डिडिमॉसभोवतीचा फेरा 11 तास 55 मिनिटांवरून सुमारे 33 मिनिटांनी घटला. उडालेल्या मालाच्या उलट धक्क्यामुळे यानाच्या स्वतःच्या संवेगाच्या (वस्तुमान गुणिले वेग) साडेतीन पटींहून जास्त परिणाम मिळाला. बाजूला बसलेली धडक वाया जाते, हा गैरसमज आहे. यानाचा संवेग पूर्णच मिळतो. फरक पडतो तो उडणाऱ्या मालाच्या दिशेत, कारण तो आघाताच्या जागच्या उताराप्रमाणे उडतो, आणि गिरकीतही भर पडते. डिडिमॉस स्वतः 2.26 तासांत फिरतो. अशा 2.2 तासांच्या मर्यादेच्या काठावरच्या लघुग्रहाला कडेला ठोकले, तर तो वळेलच, पण काही तुकडे सोडूनही जाईल.