अवजड वाहनाचे लायसन आणि ट्रेलर बॅक घ्यायचे शिक्षण: सोलापुरात अर्ज कुठे अडकतो

ट्रक-ट्रेलरचे लायसन काढायला निघालेली आपली पोरं गाडी चालवण्यात कमी आणि कागदात जास्त अडकतात. अडकतात तीही ठरलेल्या दोन-तीन जागीच.

पहिली जागा तारखेची. मालवाहू गाडीसाठी वय २० पूर्ण हवे, हे सगळ्यांना ठाऊक असते. पण तिचे शिकाऊ लायसन मिळण्याआधी हलक्या चारचाकीचे पक्के लायसन किमान १ वर्ष जुने लागते. हे वर्ष पक्क्या लायसनपासून मोजतात, शिकाऊपासून नाही. मोटारसायकलचे लायसन कितीही जुने असले तरी इथे धरत नाहीत. मोहोळकडचा एक मुलगा अकरा महिने झालेले असताना कामाचा खाडा करून आला आणि तसाच परत गेला. कार्डावर प्रत्येक वर्गासमोर वेगळी तारीख असते, ती घरीच बघून निघा.

आठवी पासची अट २०१९ मध्येच निघाली आहे. तरी त्यासाठी पैसे मागणारे भेटतात. देऊ नका. वयाचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला लागला तर लागला, ती गोष्ट वेगळी.

वैद्यकीय दाखला नमुना १-अ मध्येच हवा. कारच्या वेळी चाळिशीच्या आतल्यांना स्वतःची घोषणा पुरली होती, म्हणून मुले इथेही तीच जोडतात. मालवाहू वर्गाला ती चालत नाही. डॉक्टरांची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक आहे ना, हे दवाखान्यातच बघून घ्या.

आधार, पत्त्याचा पुरावा, जुने लायसन, सारथी पोर्टलवर (लायसनचे सरकारी संकेतस्थळ) नवीन वर्ग जोडण्याचा अर्ज, फी, चाचणीची तारीख: यात फारसे काही नाही. आधारवरचे नाव आणि लायसनवरचे नाव मात्र अक्षर न् अक्षर जुळवा.

आता खरी अडचण, नमुना ५. हे ड्रायव्हिंग स्कूलचे प्रशिक्षण प्रमाणपत्र. नियमाप्रमाणे अवजड वाहनाचे प्रशिक्षण किमान ३० दिवसांचे आणि त्यात प्रत्यक्ष गाडी चालवणे किमान १५ तास. काही ठिकाणी नुसता कागद विकला जातो. त्यावर प्रशिक्षणाच्या तारखा शिकाऊ लायसनच्याही आधीच्या पडतात आणि अर्ज तिथेच परत येतो. पैसे भरण्यापूर्वी स्कूलचा नमुना ११ मधला परवाना मागा, त्यात अवजड वर्ग आहे का ते वाचा आणि दुहेरी नियंत्रणाची, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असलेली, गाडी डोळ्यांनी बघा. दाखवायला टाळाटाळ झाली तर दुसरे स्कूल शोधा. मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचा अभ्यासक्रम सहा आठवडे, ३८ तासांचा असतो. तिथे उत्तीर्ण झाल्यास आरटीओची चाचणी माफ होते.

स्कूल निवडताना आणखी एक विचारा: ट्रेलर बॅक घ्यायला शिकवता का? अरुंद जागेत डावी-उजवीकडे गाडी मागे घेणे चाचणीत असतेच, पण साध्या ट्रकवर ते जमले म्हणून ट्रेलरवर जमत नाही. हॉर्सचे, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीचे, स्टेअरिंग डावीकडे वळवले की ट्रेलरची शेपूट उजवीकडे जाते. आपल्याकडे उसाच्या चारचाकी ट्रॉल्या मागे घेतलेली मुले इथे हमखास फसतात. त्या ट्रॉलीला दोन सांधे असतात, त्यामुळे उलट्याचे पुन्हा सुलट होते. ट्रेलरला सांधा एकच, किंगपिनचा, म्हणजे ट्रेलर हॉर्सला जोडणाऱ्या खिळीचा. हात स्टेअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. हात ज्या बाजूला न्याल, शेपूट त्याच बाजूला जाईल. सुरुवातीला उजवीकडेच बॅक घ्या, कारण शेपूट आपल्या आरशात दिसत राहते. डावीकडे घेताना ती नजरेआड जाते. कोन वाढला की ओढाताण न करता गाडी पुढे घेऊन सरळ करा, नाहीतर हॉर्स आणि ट्रेलर दुमडून केबिन घासते. शंका आली की खाली उतरून बघा. चिंचोळीच्या एमआयडीसीत माल उतरवायला जाल, तेव्हा मागे किती जागा आहे ते दुसरे कोणी सांगेल या भरवशावर राहू नका.

शिकाऊ लायसन ६ महिने चालते आणि पक्क्याची चाचणी ३० दिवसांनंतरच देता येते. प्रशिक्षण संपल्यावर सहा महिने मोजायला लागतात असे पुष्कळांना वाटते. ते पहिल्या दिवसापासूनच मोजले जातात. चाचणीत नापास झाल्यास ७ दिवसांनी पुन्हा बसता येते. तीनदा नापास झाल्यास ६० दिवस थांबावे लागते, आणि तेही याच सहा महिन्यांतून जातात.