आधी हद्द, मग माणसं : संरक्षित क्षेत्रांतील लोकसहभागाची पार्श्वभूमी

१८७२ मध्ये अमेरिकेत यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान झालं. ते लोकांच्या लाभासाठी आणि आनंदासाठी आहे, असं कायद्यात लिहिलं होतं. शोशोनी, बॅनॉक, क्रो या जमाती तिथे पिढ्यान्‌पिढ्या शिकार करत होत्या, पण त्या ‘लोकां’मध्ये त्यांची गणना नव्हती. १८८६ मध्ये उद्यानाचा कारभार लष्कराकडे गेला. हाच कित्ता पुढे जगभर गिरवला गेला. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीतून मसाई पशुपालकांना १९५९ मध्ये हलवलं, तेही माणूस गेला की निसर्ग वाचतो या समजुतीतूनच.

ही समजूत किती महाग पडते, हे ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरात दिसलं. १९५८ मध्ये तो भाग पर्यटनासाठी आदिवासी राखीव क्षेत्रातून वेगळा काढून त्याचं उद्यान केलं गेलं. तिथले अनांगू लोक थंडीच्या दिवसांत छोटे छोटे पट्टे जाळत. त्यामुळे वाळलेलं गवत साठत नसे आणि आग लागली तरी फार पसरत नसे. हे जाळणं थांबलं आणि १९७६ च्या वणव्यात उद्यानाचा फार मोठा भाग खाक झाला. पुढे व्यवस्थापनाने तीच जुनी पद्धत पुन्हा स्वीकारली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी जमिनीची मालकी अनांगूंना परत मिळाली. त्यांनी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने सरकारला दिली आणि उद्यान चालवणाऱ्या संयुक्त मंडळात बहुमत त्यांचं राहिलं. तरीही त्यांच्या पवित्र खडकावर पर्यटक चढतच राहिले. ती चढाई बंद करण्याचा ठराव मंडळाने २०१७ मध्ये केला आणि दोन वर्षांनी तो अमलात आला. बहुमत हाती असूनही इतकी वर्षं गेली, याची मला राहून राहून खंत वाटते.

दरम्यान विचार बदलत होता. सहभागाच्या नावाखाली काय काय चालतं, हे अमेरिकी अभ्यासक शेरी अर्नस्टाइन यांनी १९६९ मध्ये आठ पायऱ्यांच्या शिडीतून मांडलं. सगळ्यात खाली लोकांना नुसतं वळवून घेणं आणि सगळ्यात वर निर्णय त्यांच्या हाती असणं. त्यांचा विषय शहरनियोजनाचा होता, पण जंगलांच्या बाबतीतही ही शिडी आजवर वापरली जाते. १९७५ मध्ये किन्शासा इथे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने, मूळ रहिवाशांना विस्थापित न करता संरक्षण करा, असा ठराव केला.

माझ्या मते त्याहून मोलाचा ठरला तो १९९८ चा आर्हूस करार. पर्यावरणविषयक निर्णयांत लोकांना लवकर, म्हणजे सगळे पर्याय खुले असतानाच सामील करून घ्यावं, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. आराखडा छापून झाल्यावर मागवलेल्या हरकती या अटीत बसत नाहीत. दुर्दैवाने अनेक ठिकाणी तेवढ्यालाच सहभाग म्हणतात.

२०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या जैवविविधता परिषदेत २०३० पर्यंत ३० टक्के भूभाग आणि समुद्र राखायचं ठरलं. मूळ रहिवाशांचे हक्क मान्य करण्याची अट त्याच कलमात आहे. तेव्हा जमिनीवरचं हे प्रमाण सुमारे १७ टक्के होतं. म्हणजे असंख्य हद्दी अजून आखायच्या आहेत, आणि त्यांतल्या कित्येकींच्या आत आज माणसं राहतात.