गोळी सोसली नाही असं वाटतंय? आधी स्ट्रिप शोधा

“डॉक्टर, कालची गोळी आमच्या कुत्र्याला सोसली नाही.” असा फोन आला की आम्ही विचारतो, कोणती गोळी? उत्तर येतं, “ती पांढरी, छोटी.” आमच्या कपाटातल्या निम्म्या गोळ्या पांढऱ्या आणि छोट्याच आहेत!

साधी उलटी किंवा एखाद-दोन जुलाब पुष्कळ औषधांनी होतात. क्वचित दिसणाऱ्या त्रासात मात्र औषधाचं नाव कळण्यावर सगळं अडतं. जुलाबासाठी दिलेलं मेट्रोनिडाझोल जास्त प्रमाणात किंवा फार दिवस पोटात गेलं, तर कुत्रा झोकांड्या खातो, मान कलते, बुबुळं आपोआप इकडून तिकडे हलत राहतात. घरच्यांना वाटतं, लकवा मारला. औषध थांबवलं की बहुतेक कुत्री एक-दोन आठवड्यांत सावरतात. पण नावच माहीत नसेल, तर आम्ही मेंदूचे आजार शोधत बसतो.

गोचिडांची चघळायची गोळी तर कुणी औषधात धरतच नाही. तिचा अंमल महिनाभर, काहींचा बारा आठवडे राहतो. या गटातल्या औषधांनी काही कुत्र्यांना आकडी येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ मध्ये दिला होता. आधी कधी आकडी आली असेल तर गोळी घेण्यापूर्वीच सांगा. कॉली, शेल्टी, ऑस्ट्रेलियन शेफर्ड या जातीचा कुत्रा किंवा त्यांचा संकर असेल तर तेही सांगा. यांच्यातल्या अनेकांत एक जनुकीय दोष असतो. त्यामुळे खरजेसाठीच्या मोठ्या डोसातलं आयव्हरमेक्टिन त्यांच्या मेंदूपर्यंत पोचतं.

सांधेदुखीसाठी कारप्रोफेन सुरू करण्याआधी आम्ही रक्त तपासतो. “बिल वाढवायला” असं काहीजण म्हणतात, तोंडावरही. या गोळीने कुणाच्या यकृताला त्रास होईल हे त्या तपासणीतून आधी कळत नाही, हे खरं आहे. पण पहिल्या महिन्याभरात जेवण सुटलं, हिरड्या पिवळट दिसल्या, तर तुलनेला जुना रिपोर्ट हाताशी असतो.

आणि घरातली माणसांची गोळी दिली असेल तर लाजू नका. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन काहीही असो. आम्ही रागावणार नाही (थोडंसं रागावू).

शंका आली तर पुढचा डोस देण्याआधी फोन करा. फिटचं औषध किंवा बरेच दिवस चालू असलेलं स्टेरॉइड मात्र मनाने बंद करू नका. फिटचं औषध एकदम तोडलं तर फिट उलटून येतात. तोंड सुजलं, धाप लागली, आकडी थांबत नसेल, तर स्ट्रिप शोधत बसू नका, थेट घेऊन या.

आमच्याकडे प्रत्येक कुत्र्याचं औषधकार्ड मोफत बनतं. त्यावर वजन, औषध, डोस आणि पहिल्या डोसाची वेळ असते. औषध दुसरीकडून घेतलं असलं तरी आम्ही लिहून देतो. फक्त स्ट्रिप कापण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. नाव नेहमी कापून टाकलेल्या तुकड्यावरच असतं.