थर्माकोलचे जलचक्र

सराव पाठ जवळ आले की बी.एड. आणि डी.एल.एड.च्या छात्राध्यापकांची शैक्षणिक साधने करण्याची धांदल उडते. पाठ जलचक्राचा असो की प्रदूषणाचा, प्रतिकृती अनेकदा थर्माकोलचीच. शीट ब्लेडने कापताना पांढरे मणी सुटतात, स्थिर विद्युतभारामुळे बोटांना आणि बाह्यांना चिकटतात. केर काढायला जावे तर झाडूच्या पुढे पळतात आणि शेवटी गटार गाठतात. थर्माकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरीन. त्यात सुमारे 98 टक्के हवाच असते, त्यामुळे टेम्पो भरला तरी वजन भरत नाही आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही. मातीतल्या जिवाणूंनाही ते सहजी पचत नाही. 2018 मध्ये महाराष्ट्राने थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीच्या वस्तूंवर बंदी घातली, ती उगाच नव्हे.

हे छात्राध्यापकांना ठाऊक नसते असे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्येच पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवायला सांगितले; आजचे छात्राध्यापक तो शिकूनच इथवर आले आहेत. मग माहिती असूनही वागणे का बदलत नाही?

मानसशास्त्रज्ञ आयझेन यांच्या 1991 च्या मांडणीनुसार, एखादी गोष्ट करण्याचा आपला इरादा तीन गोष्टींवर ठरतो: ती चांगली वाटते का, आपल्या माणसांची तशी अपेक्षा आहे का, आणि ती आपल्याला जमेल असे वाटते का. व्याख्यानाने फार तर पहिली साधते. दुसरीचा जोर किती असतो, ते अमेरिकेतल्या एका हॉटेलमधल्या प्रयोगात दिसले. तो 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘पर्यावरणासाठी टॉवेल पुन्हा वापरा’ ही पाटी वाचून सुमारे 35 टक्के पाहुण्यांनी ऐकले. ‘बहुतेक पाहुणे पुन्हा वापरतात’ असे लिहिल्यावर 44 टक्के.

म्हणून पर्यावरण दिनाच्या घोषवाक्य स्पर्धेपेक्षा मला वर्गमित्रांचे पाठ महत्त्वाचे वाटतात. एकाने पातेल्यात गरम पाणी घेतले, वर स्टीलचे ताट झाकले, ताटात बर्फ ठेवला आणि ताटाच्या खालच्या बाजूला जमलेले थेंब मुलांना दाखवले, की बाकीच्यांना ते जमण्यासारखे वाटते. बाष्पीभवन आणि संघनन इथे खरोखर घडते. थर्माकोलच्या ढगातून काहीच पडत नाही.

राहिला प्रश्न गुणांचा. देखण्या प्रतिकृतीला जास्त गुण मिळतात अशी समजूत असेल, तर छात्राध्यापक थर्माकोलच आणणार. साधन कशाचे केले आणि पुढच्या तुकडीला ते वापरता येईल का, यालाही पाठ निरीक्षणात गुण हवेत, आणि हे मार्गदर्शकांनी पहिल्या सराव पाठाआधीच सांगायला हवे.