नदीतून रोज किती किलो जस्त वाहतं?

5 ऑगस्ट 2015 रोजी अमेरिकेतल्या कोलोराडो राज्यात गोल्ड किंग या बंद खाणीतून सुमारे 1.1 कोटी लिटर पाणी फुटून बाहेर आलं आणि ॲनिमस नदी हळदीसारखी पिवळी झाली. तो रंग लोहाचा. खडकातल्या पायराइटला, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी मिळालं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. काही जिवाणू हे काम कित्येक पटींनी वेगात करतात. आम्लात विरघळलेलं लोह नदीत शिरलं, आम्लता उतरली, की ते पिवळा-तांबूस गाळ होऊन तळाशी बसतं. जस्त आणि कॅडमियम मात्र विरघळल्यावर रंग दाखवत नाहीत. पाणी अगदी नितळ असतं, आणि त्यात मासा टिकत नाही.

म्हणून नमुने घ्यावे लागतात. खाणीचं पाणी नदीला मिळतं त्याच्या वरच्या अंगाला एक आणि खालच्या अंगाला एक. वरचा टाळून चालत नाही, कारण खनिजांच्या डोंगरातून येणारी नदी मुळातच थोडे धातू घेऊन येते. ते खाणीच्या माथी मारणं बरोबर नाही. प्रत्येक ठिकाणी दोन बाटल्या भरतात. एकीतलं पाणी 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून काढलेलं, दुसरीतलं तसंच. पहिलीवरून विरघळलेला धातू कळतो, म्हणजे माशांच्या कल्ल्यांना जो थेट भिडतो तो.

एवढं करूनही फसगत होते. समजा, खाणीच्या एका बोगद्यातून सेकंदाला 10 लिटर पाणी येतं आणि दर लिटरमागे 20 मिलिग्रॅम जस्त आहे. दुसऱ्या बोगद्यातल्या पाण्यात जस्त फक्त 2 मिलिग्रॅम, पण प्रवाह 200 लिटरचा. बाटली पाहणारा पहिल्यालाच दोषी धरेल. गुणाकार केला तर पहिला नदीत दिवसाला सुमारे 17 किलो जस्त टाकतो आणि दुसरा जवळपास 35 किलो. प्रवाह न मोजता दिलेला अहवाल माझ्या मते अर्धाच असतो, आणि असे अहवाल पुष्कळ निघतात, कारण बाटली भरणं सोपं आणि प्रवाह मोजणं कटकटीचं.

वेळही पाहावी लागते. कोरड्या दिवसांत खाणीत आणि टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्यांवर साठलेले क्षार पहिल्या पावसात एकदम धुऊन येतात. उथळ ओढ्यात तर जस्ताचं प्रमाण दिवसभरातही बदलतं: दुपारी शेवाळाच्या प्रकाशसंश्लेषणामुळे पाण्याचा सामू वाढतो, जस्त दगडांना आणि शेवाळाला चिकटतं, पहाटे ते पुन्हा पाण्यात असतं. नमुने मात्र बहुधा दुपारीच घेतले जातात!

शिवाय तोच आकडा सगळीकडे सारखा घातक नसतो. कठीण पाण्यातलं कॅल्शियम कल्ल्यांवरची जागा अडवून धरतं आणि धातूला आत शिरणं अवघड जातं. मृदू पाण्यात हा अडसर नसतो. त्यामुळे शेवटी पाण्यात उतरून दगड उलटावे लागतात. धातूंना नाजूक असलेल्या मेफ्लाय कीटकांची पिल्लं वरच्या अंगाला भरपूर आणि खालच्या अंगाला एकही नाही, असं दिसलं, तर बाटलीतले आकडे कितीही चांगले असोत, नमुने पुन्हा घ्यायचे. या खेपेला पहाटे.