टर्बो की सुपरचार्जर? पॉवर येते, पण बिल कोण भरतं?

इंजिनाची पॉवर वाढवायची म्हटलं की पहिला विचार येतो तो जास्त पेट्रोल जाळायचा, पण पेट्रोल हा सोपा भाग आहे, इंजेक्टर मोठे लावा, पंप मोठा लावा, झालं काम. घोडं अडतं ते हवेपाशी. १ किलो पेट्रोल नीट जळायला जवळपास १४.७ किलो हवा लागते. आता २ लिटरचं साधं इंजिन घ्या, ६००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांना, ते सेकंदाला फार तर १०० लिटर हवा ओढणार, म्हणजे वजनात बघितलं तर १२० ग्रॅमच्या आसपास, आणि त्या हवेत पेट्रोल जळणार फक्त ८ ग्रॅम. बाहेरच्या हवेचा दाब जेवढा आहे त्याच्या जोरावर जेवढी आत जाईल तेवढीच जाणार. म्हणून मग ती जबरदस्तीने कोंबायची, टर्बो काय आणि सुपरचार्जर काय, दोघांचं काम हेच. हवा दाबायला ताकद लागते आणि ती ताकद कुणाकडून घ्यायची, सगळा फरक इथे आहे.

सुपरचार्जर ती थेट क्रँकशाफ्टकडून, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याकडून घेतो. बेल्ट लावलेला असतो, इंजिन फिरलं की हा फिरतो, मधे थांबायचा प्रश्नच नाही. याचा जुना प्रकार म्हणजे रूट्स ब्लोअर, त्याचं पेटंट रूट्स बंधूंनी अमेरिकेत १८६० मध्ये घेतलं तेव्हा पेट्रोलची मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. त्यात दोन रोटर एकमेकांत फिरतात आणि हवा पुढे ढकलतात, ट्विन स्क्रू या पिळदार रोटरच्या प्रकारात ती आतच दाबली पण जाते. हे दोन्ही प्रकार प्रत्येक फेरीला ठरावीक हवा देतात म्हणून खालच्या आरपीएमलाच बूस्ट, म्हणजे हवेचा जादा दाब, तयार, पाय दाबला की गाडी हलली. पण 'सुपरचार्जर म्हणजे खालून दणका' हे सरसकट म्हणणाऱ्यांनी सेंट्रिफ्युगल (वेगाने फिरणाऱ्या चाकाने हवा बाहेर फेकणारा) प्रकार बघावा, तोही बेल्टवरच चालतो पण त्याचा दाब साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे निम्म्या आरपीएमला बूस्ट पावच, खरी मजा रेडलाइनजवळ, म्हणजे इंजिनाच्या कमाल आरपीएमपाशी.

आणि हो, बेल्ट फुकट फिरत नाही. मोठ्या व्ही-८ वर (व्ही आकारात आठ सिलिंडरच्या इंजिनावर) लावलेला सुपरचार्जर फुल थ्रॉटलला साठ-सत्तर हॉर्सपॉवर आरामात खातो, त्या इंजिनाने आधी कमवायच्या, मग याला द्यायच्या आणि मग उरलेल्या चाकांना.

टर्बोची आयडिया स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीची, पेटंट १९०५ चं. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा साधारण तिसरा हिस्सा गरम धुरातून सायलेन्सरवाटे निघून जातो, त्याच धुराने टर्बाइन फिरवायचं आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला कॉम्प्रेसर. छोट्या टर्बोचा शाफ्ट मिनिटाला २ लाख फेऱ्यांपर्यंत जातो, तोही बहुतेक वेळा तेलाच्या पातळ थरावर तरंगत! मात्र ही ताकद एकदम मोफत असं जे सांगतात ते मला पटत नाही. टर्बाइन वाटेत बसल्यामुळे धुराला बाहेर पडायला अडथळा होतो आणि पिस्टनला तो जोर लावून ढकलावा लागतो. तरीपण हिशोब टर्बोच्याच बाजूने झुकतो, कारण वाया जाणाऱ्यातलं बरंचसं परत मिळतं.

याची किंमत म्हणजे लॅग. इथे दोन गोष्टींची गल्लत होते. १८०० आरपीएमला पाय दाबला आणि काहीच झालं नाही, तर तो लॅग नाही, तिथे पुरेसा धूरच नाहीये. धूर भरपूर आहे पण टर्बाइनला वेग पकडायला क्षणभर लागतोय, तो लॅग. १९७५ च्या पोर्श ९११ टर्बोची ख्याती यावरूनच झाली, वळणात पाय दाबायचा, काही नाही, काही नाही, आणि मग अचानक सगळं एकदम, त्यात भर म्हणजे इंजिन मागच्या ॲक्सलच्याही मागे. १९८५ मध्ये लान्चियाने डेल्टा एस ४ या रॅली कारला दोन्ही लावले, खालच्या आरपीएमला सुपरचार्जर आणि वरच्या आरपीएमला टर्बो, डोकेबाज पण वजनदार आणि किचकट काम. हल्ली ट्विन स्क्रोल (टर्बाइनकडे धुराच्या दोन वेगळ्या वाटा), हलणाऱ्या पात्यांचं टर्बाइन, बॉल बेअरिंग यांनी लॅग बराच कमी झालाय, आणि पोर्शने २०२४ च्या ९११ जीटीएसमध्ये तर टर्बोच्या शाफ्टवरच इलेक्ट्रिक मोटर बसवली.

उष्णतेबद्दल कुणी फारसं बोलत नाही पण मला तो जास्त महत्त्वाचा मुद्दा वाटतो. २५ अंशांची हवा दुप्पट दाबापर्यंत नेली की ती ११५-१२० अंशांच्या आसपास जाते, गरम हवा विरळ होते आणि वर नॉकिंग, म्हणजे मिश्रण ज्वाला पोचायच्या आधीच आपोआप पेटतं. म्हणून इंटरकूलर, म्हणजे दाबलेली हवा इंजिनात जायच्या आधी थंड करणारा रेडिएटर. व्ही-८ च्या दोन बाजूंच्या मधोमध बसवलेला सुपरचार्जर इंजिनाच्या डोक्यावरच तापत राहतो आणि ट्रॅकवर काही लॅप झाल्या की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन पॉवर कमी करतो. टर्बोत इंटरकूलर पुढे वाऱ्यात लावता येतो, पण त्याचं टर्बाइन हाउसिंग लालभडक होतं आणि आजूबाजूच्या वायर, होज सगळं झाकावं लागतं.

कॉर्व्हेट झेडआर १ बघा. २०१९ चं मॉडेल ६.२ लिटर सुपरचार्ज्ड, ७५५ हॉर्सपॉवर. त्यानंतरचं ५.५ लिटर ट्विन टर्बो, १०६४. इंजिनच वेगळं आहे त्यामुळे ही सरळ तुलना नाही, पण टोकाची पॉवर हवी असेल तर वारा कुठे वाहतोय ते कळतं.

साध्या इंजिनाच्या गाडीला नंतर बसवायचं असेल तर मात्र माझं मत सुपरचार्जरला. एक्झॉस्टला हात लावावा लागत नाही, बूस्ट आरपीएमप्रमाणे वाढतो त्यामुळे ट्यूनिंग सोपं. टर्बोला नवीन मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा पाइप), तेलाची लाइन आणि परतीची लाइन, सगळं आलं, शिवाय छोटा टर्बो खालच्या आरपीएमलाच इतका टॉर्क देतो की आधी कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँकशाफ्टला जोडणारे दांडे) वाकतात. साध्या इंजिनाचा कम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो तो आकडा) ११ च्या पुढे असेल तर दोन्हीपैकी काहीही लावा, बूस्ट अर्ध्या बारच्या (१ बार म्हणजे साधारण बाहेरच्या हवेइतका दाब) आतच ठेवा किंवा पिस्टन बदला. आणि किट घ्यायच्या आधी वाइडबँड मीटर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर, लावा, कारण बूस्टमध्ये पेट्रोल थोडंसं कमी पडलं तरी पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात.